शिरपती मिस्त्रीची हजेरी

आमच्या गावच्या पोलीस चौकीत दर सोमवारी, बाजारच्या दिवशी, एक माणूस हजेरी द्यायला यायचा. त्याच्यावर खटला नव्हता, वॉरंट नव्हतं, तो जामिनावरही नव्हता. त्याला कुणी बोलावलेलंही नसायचं. तो यायचा, पायरीशी वहाणा काढायचा, टोपी सारखी करायचा आणि म्हणायचा, "शिरपती मिस्त्री. हजर हाय."

हवालदार मान वर न करता म्हणायचे, "दिसतंय. बस."

तो बाकावर तासभर बसायचा. मग उठून विचारायचा, "आज घेताय का माजा जबाब?"

"आज न्हाई."

"मग फुडल्या सोमवारी येतो."

"ये. येताना किकरं आन. खुर्चीचा पाय हलतोय."

पुढच्या सोमवारी तो किकरं, हातोडी घेऊन यायचा, खुर्चीचा पाय बसवायचा, आणि पुन्हा हजर हाय म्हणून बाकावर बसायचा. कातकरी वाडीतल्या म्हाताऱ्यांनी इंग्रजांच्या काळात चौकीवर अशी हजेरी दिलेली होती, काही न करता, केवळ कातकरी म्हणून. ती प्रथा बंद झाल्यावर स्वखुशीनं ती पुन्हा सुरू करणारा हा एकच माणूस मी पाहिला.

गावाचं नाव मी सांगत नाही. पौडाच्या पुढं, ताम्हिणीच्या वाटेवर ते आहे, एवढं पुरे. चौकीतली माणसं अजून नोकरीत आहेत आणि मला त्यांच्याशी भांडायचं नाही. ज्यांच्याशी भांडायचं आहे ती माणसं चौकीत येत नाहीत. चौकी त्यांच्याकडे जाते.

मी त्या गावात मास्तर म्हणून आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. वडील पुण्यात छापखान्यात खिळे जुळवायचे. सभांची, संपांची, निषेधाची पत्रकं उरली की घरी आणायचे. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं केली आणि छापील बाजूवर वाचायला शिकलो. त्यामुळे जगात अन्याय आहे आणि त्यावर पत्रक काढता येतं, या दोन गोष्टी मला एकाच वेळी कळल्या. मिस्त्रीची हजेरी पाहिली आणि मला वाटलं, हे आपलं काम. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्या पडवीत गेलो आणि उभ्या उभ्याच त्याला सांगितलं की हा दडपशाहीचा प्रकार आहे आणि आपण वर अर्ज करू.

तो साठीचा, काटकुळा, कानावर पेन्सिल खोचलेला. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग जवळ आला, उजव्या हाताचं बोट दुमडलं आणि दारावर टकटक करावी तसं माझ्या कपाळावर दोनदा वाजवलं. कान लावून ऐकलं.

"ओलं हाय," तो म्हणाला. "दोन उन्हाळं जाऊं द्या, मास्तर."

हा त्याचा रिवाजच होता. दिसेल ते वाजवून बघायचा. लाकूड वाळलेलं असलं की खणखणीत बोलतं, ओलं असलं की गिळून टाकतं, असं तो सांगायचा. पण ही परीक्षा तो लाकडापुरती ठेवत नव्हता. पुतण्यासाठी मुलगी बघायला भोरला नेला, तर मुलीकडं न बघता त्यानं त्यांच्या घराची चौकट वाजवली आणि "घर वाळल्यालं हाय, करा सोयरीक" असं सांगून चहा न पिता बाहेर पडला. शाळेत पाहुणे आले तेव्हा भाषणाच्या आधी व्यासपीठाखाली शिरला. पाहुणे आकारानं दणकट होते. मिस्त्री खालून ओरडला, "सायेब, मधी हुबं ऱ्हाऊ नगा, कडंला ऱ्हावा!" पाहुण्यांनी अर्धा तास लोकशाहीवर भाषण केलं, ते एका कडेला उभं राहून आणि पायांकडं बघत.

चौकीच्या कोठडीचं दारही त्यानं वाजवलं होतं. पावसाळ्यात. "हवालदार, ह्ये दार ओल्या फळीचं हाय. आता घट बसतंय. उन्हाळ्यात चोर जाईल."

हवालदार हसले. वैशाखात एका कोंबडीचोरानं दाराची मधली फळी हातानं सरकवली, बाहेर आला, फळी परत सारखी केली आणि घरी गेला. हवालदारांनी पहिला संशय मिस्त्रीवर घेतला. मिस्त्रीला आनंदच झाला. आता तरी जबाब घेतील, असं त्याला वाटलं. पण जबाब फक्त कोंबड्यांपुरता घेतला गेला.

ही माणसं हसवतात. मीही वर्षभर हसलो. मग त्याला कोणता जबाब द्यायचा आहे ते मला कळलं.

मिस्त्रीचा खरा धंदा मोटारलॉरीच्या बॉड्या बांधण्याचा. आधी तो बैलगाड्या करायचा. मग पुण्यात एका कारखान्यात सहा वर्षं राहून हे शिकून आला. त्या काळी लॉरी विकत घेतली म्हणजे काय मिळायचं, ते आज पटणार नाही. पुढं इंजिनाचं नाक, मागं दोन लांब लोखंडी पट्ट्या, खाली चाकं. बस. याला चासी म्हणायचे. तिला छप्पर नाही, दार नाही, बसायला जागा नाही. ड्रायव्हर एका खोक्यावर बसून, तोंडाला फडकं गुंडाळून, सांगाड्यावर स्वार झाल्यासारखा ती घेऊन यायचा. तिच्या अंगावर जे काही चढायचं ते सुतार चढवायचा. चासीच्या मापानं बाजूला पिंपांवर बॉडी उभी करायची. तळाला दोन जाड लाकडी तुळया, त्यावर आडव्या पट्ट्या, फळ्या, बाजूचे फाळके, पुढं ड्रायव्हरची खोली. झाली की खालून वासे घालून चाळीस माणसांनी ती खांद्यावर उचलायची आणि चासी मागं ढकलत तिच्या पोटाखाली आणायची. मग बॉडी अलगद खाली. लाकडी तुळई लोखंडी पट्टीवर बसली की दोघींना मिळून वाकड्या बोल्टांनी आवळायचं. घाटात, खड्ड्यात, वळणावर, वरचा सगळा भार त्या आवळणीवर.

बापूशेठ आमच्याकडचे कोळशाचे ठेकेदार. रानात भट्ट्या लावायच्या, कोळसा पुण्याला पाठवायचा. झाडं तोडणारे, भट्टी लावणारे, पोती भरणारे, सगळे कातकरी. पोत्यांवर बसून वाडीवरून भट्टीवर जाणारेही तेच. बापूशेठनी पहिली लॉरी घेतली तेव्हा बॉडी मिस्त्रीला दिली. लाकूड स्वतःच्याच तोडीतलं, ऐनाचं, कालपरवा पाडलेलं. भर श्रावणात. मिस्त्री म्हणाला, वाळू द्या. बापूशेठ म्हणाले, दसऱ्याला पहिली खेप गेली पाहिजे. मिस्त्रीनं बॉडी बांधली आणि चढवली. पावसात फुगलेलं लाकूड चासीवर असं घट्ट बसलं की बघायला आलेल्या लोकांनी वाहवा केली.

लाकूड वाळायला लागलं ते फाल्गुनात. वाळलं की आकसतं. तुळई बारीक झाली, बोल्ट होते तेवढेच राहिले. वैशाखात ताम्हिणीकडच्या एका वळणावर लॉरी वळली आणि बॉडी वळली नाही. ती सरळ गेली. पोती आणि पोत्यांवरची माणसं घेऊन दरीत गेली. सात माणसं. त्यांतल्या चार बायका. चासी वळणावर तशीच उभी राहिली, आणि तिच्यावर, लाकडी खोली निघून गेल्यावर उघड्यावर, स्टेअरिंग धरून बसलेला म्हादू ड्रायव्हर.

पंचनाम्यात लिहिलं गेलं की चालकानं भरधाव वेगानं गाडी हाकली. म्हादूला वर्षाची शिक्षा झाली. बापूशेठनी सात घरांना ज्वारी पाठवली आणि सात घरांनी ती घेतली, कारण घरात दुसरं काही नव्हतं.

मिस्त्री त्या दिवशी चालत घाटात गेला होता. दरीत उतरून त्यानं तुळईचा तुकडा शोधून आणला. बोल्टाच्या जागी लाकूड घासून घासून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. म्हणजे बॉडी कित्येक दिवस चासीवर सुटी नाचत होती. तो तुकडा घेऊन तो चौकीत गेला आणि म्हणाला, "म्हादूची चूक न्हाई. लाकूड ओलं हुतं. मला म्हाईत हुतं, तरी म्या चढवलं. माजा जबाब घ्या."

हवालदार म्हणाले, जबाब झालेत. मामलेदार कचेरीत म्हणाले, चौकीत जा. पुण्याला कोर्टात शिपायानं आत सोडलं नाही. ज्या लाकडाबद्दल बोलायचं ते कुणाचं, घाई कुणाची, हे प्रश्न जबाबाबरोबर वर आले असते आणि ते कुणालाच नको होते. या देशात गुन्हा नाकारणाऱ्याला वकील मिळतो. गुन्हा कबूल करणाऱ्या सुताराला बाक मिळतो. पुरावा म्हणून दिलेला लाकडाचा तुकडा चौकीत टेबलाच्या आखूड पायाखाली लावला होता. मिस्त्री दर सोमवारी त्याच्या समोर बसायचा.

म्हादू शिक्षा भोगून आला. लायसन परत मिळालं, पण माणसं दरीत घातलेल्या ड्रायव्हरला गाडी कोण देणार? तो रस्त्याच्या खडीकामावर जायला लागला. बापूशेठकडं पुण्याहून भाड्याच्या गाड्या यायला लागल्या. मिस्त्रीनं बॉड्यांचं काम सोडलं आणि पुन्हा नांगर, पाळणे, पाट करायला लागला.

अशी चार वर्षं गेली. मग बापूशेठनी नवी चासी आणली. ज्येष्ठात. आणि मिस्त्रीनं ते काम घेतलं.

मी रागावलो. म्हणालो, "त्या माणसाचं काम घेता?"

"मी न्हाई घेतलं तर दुसरा घेईल. त्यो बी ओलंच चढवील. मी वाळवीन."

लाकूड पुन्हा बापूशेठच्या तोडीतलंच होतं. मिस्त्रीनं फळ्यांच्या थप्पीत काड्या घालून वारा खेळता ठेवला. आषाढभर पडवीत शेगडी पेटती ठेवली. भादव्यात बॉडी पिंपांवर उभी केली, पण सांध्यांच्या पाचरी पक्क्या ठोकल्या नाहीत, म्हणजे उभ्या उभ्या वाळेल. रोज सकाळी तो तिच्याभोवती फिरायचा आणि तुळया वाजवायचा. चार घरं पलीकडून आम्हांला टकटक ऐकू यायची. मुळशीतला पाऊस तुम्हांला माहीत असेल तर सांगायला नको. आमच्याकडं त्या दिवसांत पेटीतलं मीठ आणि अंगावरचा सदरा दोन्ही सारखेच ओले असतात. लाकूड काय वाळणार?

आश्विन उजाडला तसे बापूशेठ आले. छत्री, कोट, धोतर, बरोबर मुकादम.

"मिस्त्री, दसऱ्याला चढवायची."

"होळीला चढवू."

"होळीला? सगळा हंगाम जाईल माजा!"

"मागल्या टायमाला हंगाम ऱ्हायला, मानसं गेली."

बापूशेठ रागावले नाहीत. असली माणसं रागावत नाहीत. ते बसले, पान काढलं, चुना लावला आणि म्हणाले, "तुला म्हादूचं वाईट वाटतंय न्हवं? मग असं करू. दसऱ्याला बॉडी चढव. त्याच गाडीवर म्हादूला ड्रायव्हर ठिवतो. आन चढवताना चाळीस मानसांत सांगतो, मागल्या बारीला म्हादूची चूक न्हवती. झालं? चौकीत काय बसतोस रं, मीच जबाब देतो तुजा."

ते गेल्यावर मिस्त्री दोन दिवस तुळया वाजवत राहिला. तिसऱ्या दिवशी शाळेत आला. वर्गाबाहेर उभा राहून म्हणाला, "मास्तर, तुमी शिकल्यालं. काय करू?"

इथं मला माझं सांगितलं पाहिजे. मी त्याला म्हणालो, घ्या हा सौदा. ठेकेदार चाळीस माणसांसमोर स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय, हे पुन्हा घडायचं नाही. मी ते शब्द लिहून घेईन, साक्षीदारांचे अंगठे घेईन, छापून काढीन. आणि बोल्ट काय, दर आठवड्याला आवळता येतील.

"कोन आवळंल?"

"म्हादू आवळेल. तुम्ही आवळाल. मीसुद्धा आवळेन."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. वाजवलं मात्र नाही. "बरं," म्हणाला. माझ्या डोक्यात त्या वेळी पत्रकाचा मथळा तयार होत होता. पोत्यांवर कोण बसणार आहे, हे मी विसरलो होतो असं नाही. मी ते दुसऱ्या परिच्छेदात ठेवलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी चाळीस माणसं जमली. बहुतेक वाडीवरचे कातकरी. मुकादमानं हाकून आणल्यासारखे आणलेले. एक जण मला म्हणाला, "उचलायचं आमीच आन बसायचं बी आमीच, गुरुजी." आणि हसला. पुढच्या डाव्या वाशाशी म्हादू उभा होता. त्यानं दाढी केली होती, कुठूनतरी खाकी सदरा पैदा केला होता. चार वर्षांत मी त्याला मान वर करून उभा राहिलेला पहिल्यांदा पाहिला. लोक त्याच्याशी बोलत होते. चासी पडवीबाहेर उभी होती, तिच्या नाकावर झेंडूची माळ.

बापूशेठनी नारळ हातात घेतला आणि म्हणाले, "ऐका रं. मागं झालं ती म्हादूची चूक न्हवती. देवाची करनी. आता ह्यो आपला डायवर. उचला."

देवाची करणी! माझी पेन्सिल कागदावर तशीच थांबली. हे छापून काय होणार होतं? पण तोवर मुकादमानं आरोळी दिली आणि चाळीस खांद्यांनी वासे घेतले. बॉडी पिंपांवरून सुटली. माणसांचे पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतले. सगळे एका श्वासावर उभे. बघायला आलेल्यांतल्या दहा जणांनी चासी ढकलायला सुरुवात केली. ती एक एक वीत मागं सरकत बॉडीखाली आली.

माप बघायला मिस्त्री खाली शिरला. हे त्याचं कामच होतं. तुळया बरोबर पट्ट्यांवर येतात की नाही हे बघून त्यानं "सोडा" म्हणायचं आणि मग बॉडी खाली यायची. आम्ही सगळे त्या शब्दाची वाट बघत होतो. आतून टकटक ऐकू आली. एकदा. मग दुसऱ्या बाजूनं. मग काहीच नाही.

"काय झालं रं?" बापूशेठ.

मी वाकून पाहिलं. मिस्त्री चासीच्या दोन लोखंडी पट्ट्यांवर आडवा झाला होता. एका पट्टीवर मान, दुसरीवर पोटऱ्या, मधून पाठ लोंबती. तेलानं टोपी काळी झालेली. हात छातीवर.

"सोडा," तो म्हणाला. "माज्या अंगावर सोडा. म्हंजी तुळई लोखंडावर टेकनार न्हाई. न्हाईतरी टेकून उपेग न्हाई. ओली हाय."

"मिस्त्री, भाईर ये!"

"न्हाई येत."

"अरं ए येड्या! मानसांचं खांदं मोडतील!"

"मग खाली ठिवा. पिपांवर ठिवा. ज्येंचं खांदं हायेत त्येंच्यासाटीच झोपलोय."

खरोखरच खांदे मोडत होते. वाशांखालून कुंथण्याचा आवाज येत होता. कुणाचा तरी पाय घसरला आणि बॉडी एका बाजूला हातभर कलली. मुकादम शिव्या देत होता. बापूशेठ ओरडले, "चासी फुडं वढा, वढा त्याच्यासकट!" पण ढकलणारे हलेनात, कारण चासी हलली तर वाशांखालच्यांचा तोल जाणार होता. सगळे पुढच्या डाव्या वाशाकडं बघायला लागले. तिथला माणूस पाऊल टाकेल तिकडं बॉडी जाणार होती. तिथं म्हादू होता.

त्याच्या मानेच्या शिरा दोरासारख्या आल्या होत्या. त्याच्या समोर चासी होती, चासीला स्टेअरिंग होतं. पाच वर्षांनी ते त्याच्यापासून दोन हातांवर आलं होतं. बापूशेठ त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "म्हादबा, तू सांग त्याला. तुजं ऐकंल त्यो. तुज्याच पोटाचं हाय ह्ये."

म्हादूनं खाली बघितलं. मिस्त्रीनं तिथूनच त्याच्याकडं बघितलं.

"मागं घ्या रं," म्हादू म्हणाला. "पिपांवर घ्या."

आणि त्यानं पहिलं पाऊल मागं टाकलं.

बॉडी पिंपांवर परत बसली. माणसं चिखलात जिथल्या तिथं बसली. बापूशेठनी नारळ मुकादमाकडं दिला, छत्री उघडली आणि पाऊस नसताना ती डोक्यावर धरून चालू लागले. दुपारी त्यांचा माणूस आला, खोक्यावर बसला आणि चासी पुण्याला घेऊन गेला. दहा दिवसांत तिच्यावर तिथली बॉडी चढली. कसल्या लाकडाची, कुणी विचारलं नाही. ती गाडी आजही रानात जाते आणि पोत्यांवर आजही माणसं बसतात. मिस्त्रीच्या झोपण्यानं काय साधलं, असं मला लोक विचारतात. मी एवढंच पाहिलं की त्या दिवशी एक गाडी त्याच्या हातून गेली नाही.

चासी गेल्यावर पडवीत आम्ही तिघंच राहिलो. मी, मिस्त्री आणि म्हादू. मी आतून पाणी आणलं. म्हादू खांदा चोळत होता. खाकी सदरा खांद्यावर फाटला होता. मिस्त्री भुईवर बसला होता आणि धोतराला लागलेलं तेल नखानं खरवडत होता.

"तुजी गाडी गेली, म्हादू."

"गेली."

"माज्यामुळं."

"मागं घ्या मी म्हनलो. माज्यामुळं."

"आत्ताचं न्हाई म्हनत." मिस्त्री थांबला. "तवाचं. तुळई वाजवली तवा बोलली न्हाई. मला कळलं. तरी म्या चढवलं. समद्यांस्नी सांगितलं ह्ये. हवालदाराला, मामलेदाराला, कोर्टातल्या पट्टेवाल्याला. तुला न्हाई सांगितलं."

"का?"

"तू ऐकलं असतंस."

म्हादूनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "मला आवाज येत हुता."

"कसला?"

"मागून. कुरकुर. तीन दिस आदीपास्नं. वळनावर जरा जास्ती. मनात आलं, उतरून बघावं. पर खेपेला उशीर झाला की शेठ बोलायचा. म्हनलं, ऐतवारी बघू."

"त्यो आवाज माज्या लाकडाचा."

"कान माजं हुतं."

"तुला काय कळतंय लाकडातलं?"

"आन तुला काय कळतंय गाडीतलं? डायवर मी हुतो का तू? आवाज आला तर थांबायचं कुनी?"

"आवाज यायलाच नगं हुता!"

"आला ना पर!"

दोघांचे आवाज चढले. माझं रक्त तापलं. सात माणसांच्या मरणाची चूक आपल्याच पदरात घ्यायला ही दोन माणसं हमरीतुमरीवर आली होती, आणि तिसरा, ज्याचं लाकूड, ज्याची घाई, ज्याचा हंगाम, तो या वेळी जेवून वामकुक्षी करत असेल. मी मध्ये पडलो. म्हणालो, "अहो, दोघांचीही नाही! चूक बापूशेठची आहे!"

"मास्तर, तुमी गप बसा," दोघं एकदम म्हणाले.

मी गप बसलो. ते मावळतीपर्यंत भांडले. बोल्ट किती होते, कुठल्या वळणापासून आवाज वाढला, फाल्गुनात ऊन किती कडक होतं, एकेक गोष्ट काढून भांडले. मध्येच म्हादूनं त्या दिवशी पोत्यांवर कोण कुठं बसलं होतं ते सांगितलं. नावं घेऊन. सातही. मिस्त्रीला त्यांतली पाचच माहीत होती. उरलेली दोन त्यानं पुन्हा विचारून घेतली आणि ओठांत दोनतीनदा म्हटली. मग पुन्हा भांडण सुरू झालं. हटलं कुणीच नाही.

अंधारून यायला लागलं तसा म्हादू उठला. टॉवेल झटकला.

"उंद्या येशील?" मिस्त्रीनं विचारलं. चार वर्षांत त्यानं कुणाला ये म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"कशाला?"

"माजं बोलून झाल्यालं न्हाई अजून."

म्हादूनं जरा विचार केला. "खडीवरनं सुटलो की येतो. भाकरी मी घिऊन यीन. तू कायतरी कोरड्यास कर."

"मला कोरड्यास येत न्हाई."

"मग ऱ्हाऊं दे."

"चटनी हाय," मिस्त्री घाईघाईनं म्हणाला. "चटनी लई हाय."